ओटीपी घाटात अडकला

सोसायटी अधिकृत ग्रुप, बुधवार

[७:२४] सावंतकाकू ए-१०२: टँकर आलाय गेटवर. ड्रायव्हर म्हणतो आधी पैसे, मग पाइप.

[७:२५] देशमुख सेक्रेटरी: @जोशी, बाराशे भरलेत पोर्टलवर. खजिनदार म्हणून ओटीपी तुमच्या नंबरवर गेलाय, टाका इथे नाहीतर मला फोन करा.

[७:२८] रोहित डी-१०३: टाकी ठणठणीत आहे. माझ्या डोक्याला शॅम्पू लागलेला आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.

[७:३१] देशमुख सेक्रेटरी: पहिला एक्स्पायर झाला. पुन्हा पाठवला. जोशी??

[७:३२] रोहित डी-१०३: फोन लावतोय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. जबाबदार माणसानं फोन चालू ठेवायला नको?

[७:३५] मेधा जोशी बी-३०४: अहो, ते सिंहगड एक्स्प्रेसमध्ये आहेत, मुंबईला निघालेत. लोणावळा सुटलं असेल. आता कर्जत येईपर्यंत त्यांना फोन लागत नाही, मलाही नाही.

[७:३६] देशमुख सेक्रेटरी: वहिनी, बँकेचं दुसरं सिम घरी आहे का?

[७:३६] मेधा जोशी बी-३०४: नाही. एकच सिम, आणि ते घाटात.

[७:४१] सावंतकाकू ए-१०२: ड्रायव्हर पाइप गुंडाळतोय. दुसऱ्या सोसायटीत जातो म्हणतो.

[७:४३] कदम डी-४०२: मी मागच्याच सभेत म्हणालो होतो की सगळं ऑनलाइन करू नका. इतिवृत्तात आहे.

[७:४९] सावंतकाकू ए-१०२: दिले मी. तांदळाच्या डब्यातले. पाणी चढतंय वर. रोहित, पंधरा मिनिटं थांब, मग धू डोकं.

[८:११] जोशी बी-३०४: काय झालं

[८:११] जोशी बी-३०४: ४८२

[८:११] जोशी बी-३०४: थांबा तो जुना आहे

[८:१२] जोशी बी-३०४: एकदम चार ओटीपी, सात मिस्ड कॉलचे मेसेज आणि ग्रुपवर ४१. कर्जत आलंय आत्ता. टँकर गेला का?

[८:१३] रोहित डी-१०३: गेला, पाणी भरून. तुमच्या मदतीशिवाय.

[८:१६] जोशी बी-३०४: रोहित, अठरा वर्षं पासवर अपडाऊन करतोय मी. रोज सकाळी पाऊण तास फोन मेलेला असतो, ही गोष्ट मी खजिनदार व्हायच्या आधीच सभेत सांगितली होती. तरी सर्वानुमते मलाच केलंत. मानधन शून्य. दुसरा खजिनदार शोधा, आज रात्री चेकबुक आणून देतो.

[८:१७] मेधा जोशी बी-३०४: अहो

[८:१८] देशमुख सेक्रेटरी: जोशी, तसं कुणी म्हणत नाहीये. रोहित, जरा दमानं.

[८:२०] रोहित डी-१०३: सॉरी काका. शॅम्पू डोळ्यात गेला होता. पण खरंच विचारतो, मुंबई-पुणे हा देशातला एवढा गर्दीचा मार्ग. इथे अजून रेंज नाही हे पटत नाही. माणसं चंद्रावर वगैरे गेली.

[८:३४] पवारकाका ए-२०४: चंद्रावर जाताना मध्ये डोंगर नव्हता. मी रेल्वेत गार्ड होतो, नोकरीतला बराच काळ याच घाटात गेला. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते नाव येईपर्यंत मी घरी बसलो होतो. लोणावळा ते कर्जत २८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. सगळ्यात तीव्र उतार एकास ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर खाली. खंडाळा, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग, पळसदरी, आणि सगळीकडे बोगद्यामागून बोगदा. ही लाइन १८६३ ला सुरू झाली तेव्हा तर मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबून उलटी निघायची. ते १९२९ ला नव्या रुळामुळे गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन

[८:३४] पवारकाका ए-२०४: चुकून सेंड झालं. डेक्कन क्वीन सुरू झाली.

[८:३५] देशमुख सेक्रेटरी: काका, रेंजवर या.

[८:४१] पवारकाका ए-२०४: येतोय. चढताना कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात, गाडी मागून ढकलायला. पुढचा ड्रायव्हर आणि मागचे बँकरवाले एकमेकांना दिसत नाहीत, आणि जोर तर एकाच वेळी लावायचा. मग पुढच्यानं ठरलेली शिटी द्यायची, मागच्यानं शिटीनंच उत्तर द्यायचं, की गाडी हलली. पुढे वॉकीटॉकी आली. बोगद्यात शिरलं की नुसती खरखर. शिटी मात्र ऐकू यायची. तेव्हा जोशींच्या फोनचं मला काही नवल वाटलं नाही.

[८:४४] सावंतकाकू ए-१०२: आमच्या कोकण रेल्वेवर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. उक्षी गेलं की आम्ही फोन पर्समध्येच टाकतो. भोके आलं की बाहेर काढायचा. कुणी चिडत नाही.

[८:४५] कदम डी-४०२: कोकणात ओटीपी लागत नसेल.

[८:४५] सावंतकाकू ए-१०२: लागतो हो. पण आम्ही माणूस ओळखून उधार देतो.

[९:०२] नेहा कुलकर्णी बी-६०२: गुड मॉर्निंग, आत्ता वाचलं सगळं. माझं काम नेटवर्क प्लॅनिंगचंच आहे म्हणून लिहितेय, कुठल्या कंपनीची बाजू घेत नाहीये. बोगद्यात रेंज जाते हे कळतं. पण जोशीकाकांचा मेसेज दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडातही का येत नाही, ते गमतीशीर आहे. बाहेर आल्यावर फोन आधी टॉवर शोधतो, मग त्याच्याकडे आपली नोंद करतो, आणि मग कुठे मेसेज सुटतो. घाटात उजेड मिळतो कधी पाच सेकंद, कधी दहा. नोंद पुरी व्हायच्या आत पुढचा बोगदा. परत पहिल्यापासून. त्यात गाडीतले हजार-दीड हजार फोन एकाच क्षणी त्याच टॉवरच्या दारात.

[९:०४] नेहा कुलकर्णी बी-६०२: शिवाय टॉवर लावतात वस्ती आणि रस्ता बघून. अँटेनाचं तोंड तिकडे असतं. दरीच्या पोटातल्या रुळाकडे पाठ.

[९:०५] जोशी बी-३०४: अगदी! खंडाळ्याला दोन दांड्या येतात, मंकी हिलला गायब. ठाकूरवाडीला गाडी ब्रेक तपासायला थांबते तेव्हा खिडकीपाशी हात नेला तर एक दांडी. मेसेजला गोल फिरत राहतो आणि गाडी निघते. पळसदरीला जरा जीव येतो. आज तिथेही नाही आला.

[९:०६] रोहित डी-१०३: पण काका, तुमचा फोन फाइव्ह-जी आहे ना? नवीन घेतलात.

[९:०९] नेहा कुलकर्णी बी-६०२: तीच तर गडबड. वेगवान फाइव्ह-जी चालतं ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मोकळ्यावर मस्त, भिंत किंवा डोंगर आडवा आला की दमलं. ७०० किंवा ९०० चा पट्टा लांब जातो आणि आडोशातूनही पोचतो, पण त्याचा वेग कमी. घाटापुरतं सेटिंगमध्ये फोर-जी ठेवून बघा काका. आणि एसी डब्यात बसत असाल तर आणखी कठीण. स्टीलचा डबा, बंद खिडकी. ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर ती रेंजही अडवते.

[९:१०] जोशी बी-३०४: एसी कुठला. पासवाल्यांचा डबा, चौथ्या सीटवर.

[९:१२] जोशी बी-३०४: ठाण्याला पोचतोय. इथे पूर्ण दांड्या आहेत आणि फोटो उघडत नाहीये. याचं काय?

[९:१५] नेहा कुलकर्णी बी-६०२: दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुम्हाला किती मोठा ऐकू येतोय ते. रांगेत पुढे किती जण आहेत ते दांड्या सांगत नाहीत. नऊच्या सुमाराला ठाण्याच्या फलाटांवर किती फोन असतील, तुम्हीच बघताय.

[९:१८] रोहित डी-१०३: ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतोय. खिशात मावतो. वर्गणी काढून काकांना देऊ? माझे शंभर.

[९:२१] नेहा कुलकर्णी बी-६०२: नको!! परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे. असली स्वस्त यंत्रं आजूबाजूच्या टॉवरमध्ये नुसता गोंगाट भरतात, एकाची रेंज वाढवायला जातात आणि आख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात. आणि जिथे टॉवरचा आवाजच पोचत नाही तिथे वाढवणार काय? बोगद्यासाठी खरा उपाय म्हणजे आत लांबच्या लांब केबल टाकतात, तिला ठरावीक अंतरावर फटी असतात, त्यातून सिग्नल झिरपतो. भुयारी मेट्रोत वापरतात. वर्गणीतून होणार नाही.

[९:२२] रोहित डी-१०३: शंभर परत.

[९:२२] कदम डी-४०२: दिले कुठे होतेस?

[९:३०] देशमुख सेक्रेटरी: मला तर हेवा वाटतो जोशींचा. पाऊण तास ना बॉस, ना ग्रुप. आमच्या नशिबी ती शांतता नाही.

[९:५२] अनघा ए-५०३: देशमुख सर, चेष्टेत लिहिलंत हे कळतं. पण मीही आठवड्यातून तीन दिवस त्याच घाटातून जाते. गेल्या पावसाळ्यात मुलाला शाळेत ताप भरला. शाळेनं मला फोन केले, एकामागून एक. नवरा दौऱ्यावर होता. त्या दिवशी घाटात दरड आली म्हणून गाडी अडकलेली, दीड तास. मी खिडकीतून धबधब्याचे फोटो काढत होते. कर्जतला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. चौदा मिस्ड कॉल. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी स्वतःच्या गाडीतून त्याला घरी आणलं, आणि पवारकाकींनी दार उघडून आपल्याकडे झोपवलं. मला ते सगळं घडून गेल्यावर कळलं. ते फोटो मी नंतर डिलीट केले.

[९:५८] देशमुख सेक्रेटरी: सॉरी अनघाताई. माहीत नव्हतं.

[१०:०१] अनघा ए-५०३: नाही हो, सॉरी नको. त्यानंतर मी एकच केलं. शाळेच्या फॉर्मवर माझ्या नंबराखाली पवारकाकींचा नंबर लिहिला, आणि फळ्यावर गाडीची वेळ. सोसायटीनंही तेच करावं. एवढ्या कुटुंबांचं पाणी एका सिमवर आणि ते सिम रोज बोगद्यात, ही व्यवस्था आपणच केलीय. जोशीकाकांनी नाही.

[१०:०३] मेधा जोशी बी-३०४: थँक्यू अनघा.

[१०:०५] कदम डी-४०२: हे बरोबर आहे. मी विरोधात नाही.

[१०:०६] सावंतकाकू ए-१०२: स्क्रीनशॉट काढा कुणीतरी. कदम म्हणाले विरोधात नाही.

[१०:२०] देशमुख सेक्रेटरी: मग असं करू. बँकेत दुसरा अधिकृत नंबर जोडायचा. नेहा घरून काम करते, तिची हरकत नसेल तर तिचा. समितीचा ठराव आणि बँकेचा फॉर्म लागेल, शनिवारी बसू. तोवर दिवसाआडच्या पाण्यासाठी टँकर चुकवता येणार नाही, म्हणून पाच हजार रोख सावंतकाकूंकडे.

[१०:२२] कदम डी-४०२: रोख? पावती? सही कुणाची? तांदळाच्या डब्याचं ऑडिट कसं होणार?

[१०:२४] सावंतकाकू ए-१०२: वही ठेवते. टँकरवाल्याची सही, माझी सही, आणि तुम्ही खाली येऊन तिसरी करा. सकाळी साडेसातला. चालेल?

[१०:३१] कदम डी-४०२: बघतो.

[१०:३३] नेहा कुलकर्णी बी-६०२: माझी हरकत नाही. फक्त ओटीपी ग्रुपवर टाका असं कुणी म्हणू नका. सकाळी देशमुख काकांनी म्हटलं होतं 🙂 जोशीकाका, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. एसएमएस हरवत नाही, कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन दिसला की सुटतो. ओटीपीची मुदत मात्र तोवर संपलेली असते. म्हणून कर्जतला आलेला कुठलाच टाकू नका. आणि घाटात फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधता शोधता तो पूर्ण ताकदीनं ओरडत राहतो, बॅटरी त्यातच जाते.

[१०:४०] जोशी बी-३०४: म्हणून दादरला पोचेपर्यंत फोन तापून चटका लागतो होय! मी मोबाइलवाल्याशी भांडलो होतो बॅटरीवरून. बरं, चेकबुक राहू दे माझ्याकडेच.

[१८:२९] जोशी बी-३०४: डेक्कन क्वीनमध्ये आहे. सावंतकाकूंचे बाराशे आजच परत करू. देशमुख, भरा पोर्टलवर, कर्जत यायला दहा-पंधरा मिनिटं आहेत. फोर-जी लावलंय, फुल दांड्या.

[१८:३३] जोशी बी-३०४: देशमुख?

[१८:३८] जोशी बी-३०४: कर्जत आलं. वडापाववाले आले. देशमुख??

[१८:५७] देशमुख सेक्रेटरी: सॉरी सॉरी, मीटिंगमध्ये होतो. भरले. ओटीपी गेला. @जोशी

[१८:५९] देशमुख सेक्रेटरी: एकच टिक दाखवतंय.

[१९:०१] मेधा जोशी बी-३०४: गेले.

[१९:०३] पवारकाका ए-२०४: ठाकूरवाडीच्या आसपास असतील.

[१९:०४] सावंतकाकू ए-१०२: मग मी कुकर लावते. लोणावळा आलं की सांगा.