शिबिराच्या टोकनला रेडिस: सोय की नुसती हौस?

बिनपगारी
मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी टोकनचं छोटं वेबअ‍ॅप केलं. पायथनमधलं फ्लास्क (वेबअ‍ॅप बनवायची चौकट), मागे आकडा ठेवायला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस), दोन्ही डॉकर कंटेनरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा डबा), आणि ते एकत्र चालवायला कंपोजची वीसेक ओळींची फाइल. दारातला पोरगा बटण दाबतो, आकडा एकाने वाढतो, टीव्हीवर नंबर दिसतो. पहिला तास 'लोकलहोस्ट'ने, म्हणजे 'हेच मशीन' या पत्त्याने, खाल्ला. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. रेडिसला कंपोज फाइलीतल्या सर्व्हिसच्या नावानेच हाक मारावी लागते. माझं मत: एक आकडा सांभाळायला मोठा डेटाबेस कशाला? मेमरीतला पुरे.

जुनाट खोड
मोठा नको, मान्य. पण रेडिस तरी कशाला? एसक्यूलाइट म्हणजे एका फाइलीतला डेटाबेस. वेगळा सर्व्हर नाही, पायथनसोबतच येते. तुझा दुसरा कंटेनर तिथेच वाचला. आणि वीज गेली की रॅममधलं टोकन कुठे शोधायचं?

बिनपगारी
रेडिस डिस्कवरही उतरवतं की.

जुनाट खोड
कधी, ते बघितलंस? मूळ सेटिंग बदललं नसेल तर डिस्कवर लिहायला 60 सेकंदांत 10000 बदल हवेत, 5 मिनिटांत 100, नाहीतर तासात किमान एक. तुझ्या शिबिरात 5 मिनिटांत 100 माणसं येणार? म्हणजे तासाभराची टोकनं देवाच्या भरवशावर.

कोपऱ्यातली खुर्ची
खोडसाहेब, त्यावर इलाज रेडिसच्या सेटिंगमधल्या एका ओळीचा: 'अपेंडओन्ली यस'. मग प्रत्येक बदल फाइलीत लिहिला जातो आणि सेकंदाला एकदा डिस्कवर पक्का होतो. गेलं तर सेकंदभराचं. शिवाय दोन टेबलांवरून एकाच क्षणी बटण दाबलं तरी 'इन्क्र' (आकडा एकाने वाढवायची रेडिसची आज्ञा) दोघांना एकच नंबर देत नाही. हे फ्लास्कमध्ये 'वाचा, एक मिळवा, लिहा' असं केलं असतं तर पहिल्याच गर्दीत भांडणं लागली असती.

जुनाट खोड
एसक्यूलाइटमध्येही एका वेळी एकच जण लिहितो, आणि 2021 पासून 'अपडेट'ला 'रिटर्निंग' जोडून बदललेला आकडा लगेच परत घेता येतो. तेच काम, एका वाक्यात.

हातचा एक
तुमचं तात्त्विक चालू द्या, माझा अनुभव ऐका. 'कंपोज डाउन' करून कंटेनर काढले, परत 'अप' केलं, आकडा 1 वर! रेडिसने बंद होताना इमानदारीत सगळं लिहून ठेवलं होतं, पण मी व्हॉल्यूमला (कंटेनरबाहेर डेटा टिकवायची जागा) नावच दिलं नव्हतं. जुनं बेवारस व्हॉल्यूम तिकडे पडून, नव्या कंटेनरला नवं कोरं. 'डेटा' या फोल्डरला नाव दिलेलं व्हॉल्यूम जोडा. आणि 'डाउन'च्या पुढे '-व्ही' लावाल तर तेही जाईल.

कोपऱ्यातली खुर्ची
अजून एक, कंपोजमध्ये रेडिसचा 6379 पोर्ट बाहेर उघडलाय का? फ्लास्कला त्याची गरज नाही, दोघं आतल्या नेटवर्कवर बोलतात. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून निर्धास्त राहू नका. डॉकरने उघडलेला पोर्ट त्याला वळसा घालून जातो.

बिनपगारी
उघडला होता. बंद केला. व्हॉल्यूमला नाव दिलं, अपेंडओन्लीही चालू. रेडिस मात्र ठेवतोय. दात्यांची नावं आणि फोन नंबर त्यात नाहीत, फक्त आकडा.

जुनाट खोड
ठेव बाबा. दारातल्या पोराकडे एक वहीपण दे.

बिनपगारी
वही कालच आणली. 😅