न्यून संख्या की उणी संख्या?

भाषांतरकार: मुलांसाठी गणिताची एक पुस्तिका मराठीत आणतेय. 111111111 चा वर्ग 12345678987654321. विषम, संयुक्त, पूर्ण वर्ग, इथपर्यंत सुरळीत. पण या संख्येचे तिच्याखेरीज 44 विभाजक आहेत आणि त्या सगळ्यांची बेरीज तिच्या निम्म्याच्या जेमतेम पुढे जाते, म्हणजे संख्येहून कमीच भरते. अशा संख्येला मी 'न्यून' म्हटलं, तर संपादकांनी खोडलं. न्यून म्हणजे दोष, म्हणे. दुसरं काय लिहू?

गोदाकाठ: काही बदलू नका. न्यून म्हणजे आधी 'कमी', दोष नंतर चिकटला. माझे आजोबा पत्राच्या शेवटी 'न्यूनाधिक क्षमा असावी' लिहायचे. स्वतःखेरीज 12 च्या विभाजकांची बेरीज 16, ती अधिक. 6 ची बरोबर 6, ती परिपूर्ण. 8 ची 7, ती न्यून. किती नेटकं बसतं!

निवृत्त शिक्षिका: पत्रं गेली, न्यूनगंड राहिला. मुलांच्या कानावर तोच पडतो. शिवाय गणितातलं न्यून हिंदी वळणाचं वाटतं. त्यांचा न्यूनकोण, आपला लघुकोन. त्यांची अभाज्य, आपली मूळ. सरळ 'उणी संख्या' म्हणा.

गोदाकाठ: बाई, 'उणे पाच' शिकलेलं पोर उणी संख्या शून्याच्या डावीकडे शोधेल!

डोंबिवलीकर: अहो, नुसत्या एकांनी बनलेल्या संख्येचा असा वर्ग म्हणजे डेमलो संख्या! देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी तिला जीआयपी रेल्वेवरच्या (आताच्या मध्य रेल्वेवरच्या) डेमलो स्टेशनाचं नाव दिलं, ते म्हणजे आमची डोंबिवली. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती 'हर्षद', हा शब्दही त्यांचाच, हर्ष देणारी. इथे अंकांची बेरीज 81, आणि 81 ने भागलं की नेमका 12345679 चा वर्ग उरतो. आठ गायब! 'हर्षद' पुस्तिकेत हवाच.

भाषांतरकार: हर्षद घेतलाय. अडलंय ते न्यूनवर. 'अपुरी' कसं वाटतं?

लेखनिक: त्याआधी मुलं ही संख्या वाचणार कशी? भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननामांच्या क्रमाने एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणून बघा मोठ्याने.

वऱ्हाडी: आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे खरब म्हणतात. तोच ना हा?

लेखनिक: मुळीच नाही. त्यांचा खरब शंभर अब्जांचा, आपला खर्व दहा अब्जांचा. चक्क दसपट फरक.

निवृत्त शिक्षिका: आता खर्व-निखर्व कोण बोलतं? अर्थसंकल्पसुद्धा 'लाख कोटी'त वाचतात. आणि अपुरी नको, अर्धवट राहिल्यासारखी वाटते. उणीच बरी.

गोदाकाठ: वापरात नाही म्हणून शब्द टाकायचे, तर परिभाषा बनायची कशी? बाकी, खर्वचा संस्कृतात दुसरा अर्थ ठेंगणा. एवढ्या मोठ्या संख्येला तो कसा लागला, कुणी सांगेल का?