मदत हवी आहे: लोणार ते मार्कंडा, व्हॅनमध्ये मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं रिटायर, मुक्काम पोस्ट अमरावती जिल्ह्यातलं खेडं. जुन्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. दिवाळीनंतर निघतो. घाई अजिबात नाही, आवडलं तिथे दोन दिवस जास्त राहायचं.

शेगावला भक्तनिवास आहे, तिथली चिंता नाही. पुढे सिंदखेड राजा, 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीरावांचा वाडा सौ.ला निवांत पाहायचा आहे. मग लोणार. गावातलं दैत्यसूदन मंदिर पायऱ्या न उतरता होतं, पण सरोवराच्या काठापर्यंतची उतरण तिच्या गुडघ्यांना झेपेल का? अर्ध्यातून परत फिरता येईल अशी सोपी वाट कोणती? खाऱ्या पाण्याच्या त्या विवराशेजारी गोमुखाची गोडी धार वाहते, ती तिला दाखवायचीच आहे.

नंतर चंद्रपूर, मूल, चामोर्शी करत मार्कंड्याला, तिथल्या महादेवाच्या मंदिरात. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, ते पवित्र मानतात, म्हणून पहाटे घाटावर असावं अशी फार इच्छा आहे. रात्री गाडी मंदिराजवळ उभी करू देतात का, की चामोर्शीतच थांबावं? छपरावर सोलर बसवल्यामुळे गाडी उंच झाली आहे, तेव्हा आतल्या रस्त्यांवर लोंबत्या तारा, खाली आलेल्या फांद्या कुठे लागतात तेही सांगा. टाकी भरायला हापशी चालेल, वाटेत पिण्यालायक पाणी असलेली गावं माहीत असतील तर नावं द्या जी.