एमएम ५४० चं इंजिन बदलायचं की नाही

भाऊ, महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं जुनं प्यूजो डिझेल इंजिन काढून नवं कॉमन-रेल (आजकालचं, कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारं) इंजिन टाकायचं म्हणून राहिले तुम्ही, पण कायले? २११२ सीसीचं ते, नीट ओव्हरहॉल केलं तर बिनधास्त चालते, अन इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, सगळं आलंच. त्यापेक्षा पैसा समोरच्या डिस्क ब्रेकवर अन पॉवर स्टिअरिंगवर लावा. आपल्या नागपुरात मे मधी पारा ४५ च्या वर जाते, म्हणून रेडिएटर आधी पाहा, अन फॅनचं श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं कव्हर जे हवा रेडिएटरमधून ओढायले मदत करते, ते काढून फेकू नका, बरेच जण फेकतात. एलईडी बार तर नकोच बाप्पा, लग्नातला बँड वाटते गाडी. पेंटच्या आधी मात्र बॉडी उतरवून चेसिसचा गंज पूर्ण पाहून घ्या.