व्हिडिओ गेमच्या धुनेचं 'आवर्तन' की 'पुनरावृत्ती'?

अनुवादिनी:
'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या (१९८५) संगीतावरचा एक लेख मराठीत करते आहे. संगीतकार कोजी कोंदो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली, व्हिडिओ गेमची पहिलीच. पातळी संपेपर्यंत तीच धून फिरून फिरून वाजते, त्याला मी 'आवर्तन' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे खोडून 'पुनरावृत्ती' केलं. पुनरावृत्ती म्हटलं की दोष वाटतो, 'भाषणात पुनरावृत्ती फार झाली' म्हणतो तसा. 'लूप' लिहायचं नाहीये. काय करू?

शाईदौत:
तुमचंच बरोबर. अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं होतात, पुनरावृत्त्या नाहीत.

त्रितालकर:
शब्द चांगला, पण इथे बसत नाही. मी तबला शिकवतो. आवर्तन म्हणजे समेपासून, तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुन्हा समेपर्यंत. ही धून नीट ऐका ताई. सुरुवातीचे सात सूर एकदाच वाजतात. धून संपली की ती त्यांच्यावर परत येत नाही, त्यांच्या पुढच्या तुकड्यावर येते.

अनुवादिनी:
म्हणजे ते सात सूर तबल्याच्या सुरुवातीला वाजणाऱ्या उठाणासारखे! उठाण एकदाच, मग आवर्तनं. बसला की शब्द.

त्रितालकर:
उठाण पटलं. पण त्या धुनेच्या पोटात ठेक्याची कितीतरी आवर्तनं होऊन जातात. अख्ख्या धुनेलाच आवर्तन म्हटलंत तर त्यांना काय म्हणणार? मी तरी 'फेरा' म्हणेन.

कालवाकाठ:
आमच्या राहुरीकडे आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी. 'उन्हाळी आवर्तन कधी सुटणार' हाच प्रश्न असतो. पाणी सुटतं, शेवटच्या चारीपर्यंत पोचतं, बंद होतं, पुन्हा सुटतं. त्यात सम कुठे आहे? शब्द गवयांच्या मालकीचा नाही सर.

शाईदौत:
मूळ धातू वृत्, फिरणे. आवर्त म्हणजे भोवरा. वर्तुळ त्यातलंच, आणि वर्तुळाचाच वाटोळा झाला. तेव्हा फिरणारं सगळं आवर्तनच. आणि ताई, लेखात 'चॅनल' असेल तर 'वाहिनी' करा.

गल्लीतला_मारिओ:
'वाहिनी' वाचून लोकांना संध्याकाळच्या बातम्या आठवतील. ज्यावर तो गेम चालायचा त्या यंत्रात आवाजाचे पाच चॅनल होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक खरखरीचा, एक मुद्रित नमुन्यांचा. उडी मारली की तो 'टुईं' आवाज एका चौकोनी चॅनलवर येतो आणि तेवढ्यापुरता तिथला सूर गळतो. लहानपणी दादा खेळायचा, मी शेजारी बसून ऐकायचो. तो उडी मारायचा आणि धून पातळ व्हायची. मला वाटायचं, कॅसेट बिघडली. कितीतरी वर्षांनी कारण कळलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे खेळणाऱ्याच्या उड्याही त्या वाजण्यात मिसळलेल्या असतात, दोन फेऱ्या सारख्या होतच नाहीत. गेममधली उरलेली वेळ १०० च्या खाली गेली की लय चढते. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये योशीवर, म्हणजे मारिओच्या त्या डायनासोरवर, बसलं की त्याच धुनेत वरून तालवाद्य सुरू होतं, उतरलं की थांबतं. याला पुनरावृत्ती म्हणणं साफ चूक आहे.

अनुवादिनी:
हे संपादकांना जसंच्या तसं पाठवते. 'कॅसेट'वरून आठवलं, तेही त्यांनी खोडलंय. 'काडतूस' केलंय.

शाईदौत:
काडतूस तरी कुठे आपलं? पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आलंय.

ओसाकावासी:
इकडे जुन्या दुकानांत अजून पाट्या असतात, फॅमिकॉमच्या, म्हणजे त्याच यंत्राच्या जपानी रूपाच्या, त्या खोक्याला जपानी माणूस 'कासेत्तो'च म्हणतो. आपण ९० च्या दशकात म्हणत होतो तेच. कॅसेटला हात लावू नका.

कालवाकाठ:
काडतूस बंदुकीत. पोरांच्या हातात कॅसेटच होती.

त्रितालकर:
योशीचं ऐकलं आत्ता. तालवाद्य अलगद येतं, मूळ लयीला धक्का लागत नाही. बसवणाऱ्याचा कान तयार आहे.

अनुवादिनी:
कॅसेट परत लिहिलं. पण लेख शनिवारी द्यायचाय आणि पहिला शब्द अजून तिथेच आहे. 'फेरा' लिहू?

कालवाकाठ:
फेरा जन्ममरणाचा. 'फेरी' लिहा.

शाईदौत:
फेरी प्रभातफेरीची. आवर्तनच.