मे महिन्यात १२ जणांचा ग्रुप, डोंगरात काहीतरी ॲडव्हेंचर करायचंय, मनाली की आपला सह्याद्री?

गोदातीर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा १२ जणांचा ग्रुप आहे, सगळे इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातले. त्यात दोन मुलं, मुलगा १० वर्षांचा आणि पुतणी १३ ची, आणि माझे मोठे भाऊजी ५४ चे, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. बाकी आम्ही तीस ते पंचेचाळीसमधले, रोज चालणारे दोन-तीनच. शाळांच्या परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत चालणार म्हणून ३ मे च्या आसपास पाच-सहा दिवसांसाठी निघायचा विचार आहे.

अर्धे जण म्हणतात मनालीचं पॅकेज घेऊ, रिव्हर राफ्टिंग, पॅराग्लायडिंग सगळं एकाच ठिकाणी होतं. अर्धे म्हणतात एवढा प्रवास कशाला, रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) आणि ट्रेक इथेच करू, तंबूत राहू. मला मनापासून दोन्ही आवडतंय, पण मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन बघता भीती वाटते, नाशिकमध्येच पारा ४० ला जातो मग उघड्या डोंगरावर काय होईल. मुलांना रॅपलिंग करायचंच आहे, दोन महिने डोकं खातायत. कुणी मे मध्ये असा मोठा ग्रुप नेला असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पाणी, राहणं, बायकांसाठी टॉयलेटची सोय, सगळंच.

सातपूरकर

कळसूबाई करा ना ताई, रात्री चढायचं, पहाटे १६४६ मीटरवरून सूर्योदय बघायचा आणि ऊन चढायच्या आत खाली. बारी गाव नाशिकपासून साठ-पासष्ट किमी, घोटीवरून सरळ रस्ता. आम्ही दरवर्षी जातो.

कातळवाट

सातपूरकर दादा, कळसूबाई चांगलीच आहे पण १० वर्षांचं पोर आणि पहिल्यांदाच चढणारी मंडळी अंधारात शिड्यांवर, तेही शनिवार-रविवारच्या गर्दीत, मला नको वाटतं. आणि उतरायला उशीर झाला की त्याच लोखंडी शिड्यांचं रेलिंग इतकं तापतं की हात ठेवला की चटका बसतो, साडेदहाला मी रुमाल गुंडाळून उतरलोय.

ताई, मी माझा अनुभव सांगतो, मग तुम्ही ठरवा. काही वर्षांपूर्वी मे मध्येच आम्ही ९ जण हरिहर किल्ल्यावर गेलो, रविवार होता. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, सीबीएस बसस्टँडजवळ एकेकाला गोळा करत, नाश्ता करत करत निरगुडपाड्याला पोचेपर्यंत साडेआठ. माणशी दोन लिटर पाणी घेतलेलं, तेव्हा वाटलं भरपूर आहे. पायऱ्यांखालच्या सपाटीपर्यंत येतानाच निम्मं संपलं कारण तिथे सावली म्हणून नाही. हरिहरच्या त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या तुम्ही फोटोत पाहिल्याच असतील, हात घालायला खोबण्या आहेत, पण चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर, त्यामुळे रविवारी जी रांग लागते ती हलतच नाही. आम्ही दगडाला चिकटून उन्हात तास-दीड तास उभे होतो. उतरल्यावर आमच्यातल्या एकाच्या पिंडऱ्यांत गोळे आले, मग चक्कर, मग मळमळायला लागलं, चेहरा पांढराफटक, उभं राहता येईना. पाणी कुणाकडेच उरलं नव्हतं. त्याला धरून, टेकत टेकत पाड्यापर्यंत आणला. पहिल्याच घरातल्या आजींनी काही न विचारता ओसरीत घोंगडी टाकली, माठातलं पाणी, त्यात मीठ-साखर, घोट घोट पाजलं, आणि ओलं फडकं मानेवर आणि काखेत धरायला लावलं. तासाभराने तो बोलायला लागला. त्या आजींच्या घरात त्या दिवशी पाण्याचे दोनच हंडे होते आणि विहीर लांब होती, हे आम्हाला निघताना कळलं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मे मध्ये माझा नियम एकच, जी जागा सकाळी दहानंतरही सावलीत असते तीच निवडायची, आणि ग्रुपमध्ये जो सगळ्यात हळू चालतो त्याला धरून प्लॅन करायचा. तुमच्या ग्रुपसाठी मला सांदण दरीच योग्य वाटते. भंडारदऱ्याकडच्या साम्रद गावातून सुरू होते, कातळात उभी चीर पडल्यासारखी अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या उंच की ऊन तळापर्यंत फार थोडा वेळ पोचतं. बाहेर अंग भाजत असतं आणि आत दगडाला पाठ लावली तर गार लागते. सुरुवातीला दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं, मे मध्ये बरंच उतरतं. आणि तुमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे, रॅपलिंगचा पहिला टप्पा येईपर्यंत सगळे बरोबर चालू शकतात, मग ज्यांना दोरावरून उतरायचंय ते पुढे जातील आणि भाऊजी, मुलं आल्या वाटेने परत गावात. कुणी अर्ध्यात सोडलं असं कुणाला वाटत नाही.

बुरांश_७

हिमालयाची बाजू मांडते, कारण दोन वेळा मे मध्ये ग्रुप घेऊन गेलेय. गोदातीर, पाच-सहा दिवसांत नाशिक ते मनाली आणि परत हे मला पटत नाही. नाशिकरोडहून राजधानी पकडा नाहीतर मंगला, दिल्लीला पोचायलाच एक रात्र, तिथून मनालीची बस अजून एक रात्र, परतीचं तेवढंच, मग डोंगरात राहिले किती दिवस? मे मध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की अर्धा उत्तर भारत तिथे असतो, तासनतास गाडीत बसून काढावे लागतात. मनालीवरच्या रोहतांग खिंडीत गाडीने जायचं तर ऑनलाइन परमिट लागतं, तेही मोजकंच मिळतं.

जायचंच असेल तर निदान नऊ-दहा दिवस काढा आणि मी म्हणेन उत्तराखंडातलं ऋषिकेश-चोपता करा. चोपत्याहून तुंगनाथ साधारण चार किमीची फरसबंद वाट आहे, ३६८० मीटरवर महादेवाचं देऊळ, वर चंद्रशिला. मे च्या सुरुवातीला बुरांशची लाल फुलं अजून झाडांवर असतात, ती बघून माझी आई, ५८ ची, वाटेत बसून रडली होती आनंदाने. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६००-७०० मीटरवर, आणि अडीच हजार मीटरच्या वर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, ही लक्षणं दिसली की वर जायचं नाही, वाढली तर लगेच खाली उतरायचं, तरुण आणि फिट माणसालाही होतं ते. भाऊजींनी बीपीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि राफ्टिंगला वयाची अट असते, १० वर्षांच्या मुलाला नाही घेत, तो काठावर उभा राहून बघणार, हे त्याला आधी सांगावं लागेल.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ३ मे चं तिकीट ४ मार्चला सकाळी आठला. १२ जणांचं हवं असेल तर त्या दिवशीच बसा, नंतर मिळणं कठीण.

शेंडीकर

मी भंडारदऱ्याचाच, शेंडीत राहतो. कातळवाट भाऊंनी बरोबर सांगितलं, त्यात भर घालतो.

साम्रदला घराघरांत राहायची सोय होते, तंबूही लावून देतात, पण बायाबापड्या असल्या तर घरीच राहा, संडास-बाथरूमचं आधी फोनवर विचारून घ्या. जेवायला नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, सांगितलं तर गावठी कोंबडं. मे मध्ये करवंदं आणि जांभळं मिळतात, पोरांना सकाळी आमच्या पोरांबरोबर सोडा, टोपलीभर आणतील. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. धरण एवढं मोठं डोळ्यासमोर, तरी डोंगरावरच्या गावांना एप्रिल-मे मध्ये पाणी लांबून आणावं लागतं. येताना गाडीत पाण्याचे जार भरून आणा, घोटीला मिळतात. अंघोळीला बादलीभरच मागा. आमच्या घरची बाई तुम्हाला नाही म्हणणार नाही, पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही आमच्यात, म्हणून तुम्हीच विचार करायचा.

दुसरं म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांना मोहोळं असतात, सेंट-डिओ मारून येऊ नका, आरडाओरडा आणि धूर अजिबात नको. गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, एका बिडीने डोंगरच्या डोंगर जळतो, वणवा लागला की आमच्या गुरांचा चारा जातो. आणि मे मध्ये दुपारनंतर वळीव कधीही येतो, आभाळ भरून आलं की दरीत शिरायचं नाही. अरुंद जागा आहे, वर पाऊस झाला तर पाणी घुसायला वेळ लागत नाही. गावातला वाटाड्या नको म्हणाला तर त्याचं ऐका, पैसे भरलेत म्हणून हट्ट करू नका.

काजवे बघायचे असतील तर मे चा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा, ३ मे ला नाही दिसणार.

गोदातीर

सगळ्यांचे खूप आभार, आज दुपारी सगळ्यांना जमवून हे मोठ्याने वाचून दाखवलं. हरिहरचं ऐकून भाऊजी म्हणाले की मी येतो पण खाली बसेन, मग मी त्यांना सांदणचं समजावलं तेव्हा खुलले. दोन प्रश्न राहिले. मुलांच्या रॅपलिंगचं काय करायचं, आणि जो आयोजक ठरवू त्याचं सामान चांगलं आहे हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? पाणी नक्की किती?

दोर_आणि_गाठ

मी प्रस्तरारोहण करतो, दोराचं मी सांगतो. सांदणचा पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा आहे, आणि एकदा तो उतरलात की पुढचे छोटे टप्पे करून खाली देहणे गावाला जावं लागतं किंवा करोली घाटाने परत चढायचं, दोन्ही लांब पल्ले, उन्हातले. १० वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नका. आयोजकाला सांगा की साम्रदजवळ एखाद्या छोट्या कड्यावर सकाळी मुलांसाठी वेगळा दोर लावून द्या. १३ ची मुलगी तिथे कशी उतरते ते बघून मग तिचं ठरवा.

आयोजकाला फोनवर हे विचारा: उतरायच्या दोराशिवाय प्रत्येकाला दुसरा सुरक्षेचा दोर, म्हणजे बिले, लावता का? अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, किमान दोन वेगवेगळ्या जागी असतात का? हेल्मेट १२ जणांना १२ आहेत की चार जणांत एक फिरवता? दोर किती वर्षं वापरलाय? ज्याला काम येतं तो शांतपणे उत्तरं देतो, वैतागला तर दुसरा बघा. तिथे गेल्यावर दोर हातातून सरकवून बघा, कुठे मऊ पडलाय, फुगलाय किंवा आवरण उसवलंय का ते बोटांना कळतं. आणि बायकांनी केस घट्ट बांधून टी-शर्टच्या आत घालायचे, ओढणी नको. एकदा एका मुलीची वेणी डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, अडकलेली मी पाहिलीय, अर्ध्या कड्यावर लटकलेली ती, वरून दुसरा दोर सोडून तिचा भार त्यावर घेतला तेव्हा वेणी सुटली, पोर थरथरत होती.

पाणी माणशी चार लिटर आणि ओआरएसची दोन पाकिटं, तहान लागायची वाट न बघता पीत राहायचं.

कातळवाट

एक राहिलं, दुसऱ्या दिवशी जमलं तर साम्रदहूनच रतनगड करा, त्र्यंबक दरवाज्याच्या बाजूने वाट जाते, बरीचशी झाडीतून आहे. पहाटे पाचला निघा, नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसून वारा खा, दहाच्या आत खाली. ज्यांना नाही जमणार त्यांनी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघावं, गाडी थेट जाते आणि आत दगड गार असतो.

गोदातीर

ठरलं मंडळी. १ मे ची महाराष्ट्र दिनाची सुट्टी गर्दीची असणार म्हणून ती सोडून आम्ही ४ ते ६ मे, म्हणजे सोमवार ते बुधवार, साम्रदला जातोय, दोन रात्री घरीच राहणार, तंबू मुलांसाठी फक्त एक. दरीत सगळे, दोरावरून आम्ही सहाजण, मुलांना वेगळा कडा. तुंगनाथ ऑक्टोबरात, फक्त मोठ्यांचं, भाऊजी तोवर डॉक्टरांना दाखवून घेतायत. एप्रिलच्या दोन रविवारी पहाटे अंजनेरी चढायची ठरलीय, कोण किती हळू चालतं ते तिथेच कळेल.

शेंडीकर दादा, पाण्याचे जार आम्ही नाशिकहूनच भरून आणतो, सहा पुरतील का आठ आणू? आणि तुमच्या गावातल्या वाटाड्याशी बोलायचं असेल तर मेसेजमध्ये कळवाल का, मी उद्याच फोन करते.

शेंडीकर

आठ आणा ताई. दोन जार आमच्या साम्रदच्या बहिणीकडे ठेवून जा, तिचं घर रस्त्यालाच आहे. मेसेज केलाय.