कोकणातील लहान उद्योगांचा डेटा: कार्यालयातील नॅस की क्लाउड?

देवगडचा बागायतदार (धागाकर्ता):
आंबा पॅकिंग आणि कॅनिंग करणाऱ्या आमच्यासारख्या लहान उद्योगांना हल्ली सरसकट ‘सगळे क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) टाका’ असा सल्ला दिला जातो, तो मला मान्य नाही. संगणकाला थेट जोडलेली डिस्क त्या एका संगणकापुरती असते आणि सॅन (साठवणुकीच्या डिस्कसाठी उभारलेले स्वतंत्र वेगवान जाळे) ही बँका, मोठी रुग्णालये यांच्या आवाक्यातील गोष्ट आहे, हे खरे. पण या दोहोंच्या मध्ये नॅस आहे. कार्यालयाच्या नेटवर्कवर बसणाऱ्या या पेटीतील फायली बिलिंग, गोदाम आणि मालक एकाच वेळी उघडू शकतात आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. एप्रिल-मेमध्ये मालाच्या गाड्या दारात उभ्या असताना ब्रॉडबँड गेले तर क्लाउडवाल्याने मालासोबतचे चलन कोठून काढायचे? दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणारी व्यवस्था असली की डिस्क बिघडण्याची भीतीही उरत नाही.

चिपळूणचा व्यापारी:
आपले शेवटचे वाक्य धोक्याचे आहे. दोन डिस्कवर तोच मजकूर ठेवणे, म्हणजेच रेड, ही एक डिस्क बंद पडल्यास काम चालू ठेवण्याची सोय आहे. तिला बॅकअप म्हणता येत नाही. कर्मचाऱ्याने चुकून फोल्डर पुसले किंवा खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर ते दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी घडते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, आणि पेटी बहुधा तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा टेबलाखालचे संगणक आणि त्यांच्या शेजारच्या बॅकअपच्या डिस्क एकदमच गेल्या. क्लाउडमधील ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे प्रत्येक फाईल स्वतंत्र वस्तू म्हणून साठवणारी सेवा, साधारणपणे एकाच फाईलच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवते. अ‍ॅमेझॉनची मुंबईतील क्लाउड केंद्रे २०१६ पासून चालू आहेत, त्यामुळे डेटा देशाबाहेर जाईल ही शंकाही आता फारशी उरलेली नाही.

देवगडचा बागायतदार:
पुराचे मान्य. पण ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज आणि मोबाईल दोन्ही दीर्घकाळ बंद होते. मुंबईतील प्रत सुरक्षित असेलही, पण ती उघडायची कशी? जनरेटरवर नॅस चालते. दुसरे म्हणजे गणित करून पाहा: २० एमबीपीएस अपलोडचा वेग अखंड मिळाला, तरी एक टेराबाईट चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात; आणि आमच्याकडे तो अखंड मिळत नाही. संकटानंतर सगळे परत उतरवताना अनेक सेवा बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे घेतात, हे विक्रेता आधी सांगत नाही.

रत्नागिरीतील लेखापाल:
आपण दोघेही ‘डेटा’ ही एकच वस्तू धरून वाद घालत आहात. लहान उद्योगाचे हिशेब बहुधा काही गिगाबाईटमध्ये मावतात. टेराबाईट भरते ते सीसीटीव्हीचे चित्रण आणि मालाची छायाचित्रे. चित्रण क्लाउडवर नेण्याचे कारणच नाही, तर हिशेब केवळ कार्यालयात ठेवणे परवडणारे नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधील नियमबदलानंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज असणे बंधनकारक आहे. मालकी व्यवसायाला हा कंपन्यांचा नियम लागू नाही, तरी तो पाळण्यात तोटा काहीच नाही. मात्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे चालू फोल्डर थेट सिंक होणाऱ्या, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप वर पाठवणाऱ्या, क्लाउड फोल्डरमध्ये ठेवू नका. फाईल लिहिली जात असताना अर्धवट प्रत वर जाते आणि पुढे ती उघडतच नाही. रात्री टॅलीत उघडलेली ‘कंपनी’ (हिशेबाची वही) बंद करून बॅकअप फाईल काढावी आणि तीच वर पाठवावी.

वेंगुर्ल्याचा काजू प्रक्रियाकार:
नॅस घ्यायची तर ती खिडकीजवळ ठेवू नका. खाऱ्या, दमट हवेत जोडण्या गंजतात, आणि भाजणीच्या धुराजवळ तर पंख्यावर थरच बसतो.

देवगडचा बागायतदार:
लेखापालांचे पटते. हिशेब रात्री क्लाउडवर पाठवीन. छायाचित्रांची डिस्क मात्र दरमहा कोल्हापूरला भावाकडे नेऊन ठेवीन. घाटावर समुद्राचे वादळ सहसा पोचत नाही.

चिपळूणचा व्यापारी:
वादळ पोचत नाही, पाऊस पोचतो. आमच्याकडे पूर आला त्याच आठवड्यात पंचगंगेनेही धोक्याची पातळी ओलांडली होती आणि कोल्हापूरजवळ महामार्ग बंद होता. भावाचे घर नदीपासून किती उंचावर आहे ते आधी विचारा, आणि डिस्क तेथे पोचल्यावर ती संगणकाला जोडून ठेवू नका, कपाटात ठेवा. क्लाउडवर हिशेब पाठवताना ठरावीक मुदतीपर्यंत फाईल कोणालाच पुसता येणार नाही अशी सोय मिळते का, तेही पाहा. नाहीतर पासवर्ड चोरणारा तीही प्रत पुसेल.

देवगडचा बागायतदार:
घर दुसऱ्या मजल्यावर आहे, डिस्क कपाटातच राहील. पण मोसमातील चालू काम नॅसवरच होणार, त्याबाबत माझे मत बदललेले नाही.